रस्त्याला नको असलेली माती

आमच्या प्रयोगशाळेत नवीन माणूस रुजू झाला की पहिल्याच दिवशी त्याला बजावलं जायचं, "पंच्याहत्तरबाईंना विचारल्याशिवाय कुठल्या डबीला हात लावायचा नाही." तो बिचारा कमरेत वाकलेल्या एखाद्या म्हातारीला शोधत फिरायचा. आणि समोर यायच्या पन्नाशीच्याही आतल्या, ठेंगण्या, कोपरापर्यंत बाह्या सरसावलेल्या, हनुवटीला मातीचा पुसट पट्टा लागलेल्या बाई. पंच्याहत्तर हे त्यांचं वय नव्हतं. माती चाळायच्या चाळण्यांत सगळ्यात खालची, सगळ्यात बारीक चाळणी पंच्याहत्तर मायक्रॉनची असते. तिच्यातून जे खाली पडतं ते पिठाहून मऊ. बाईंच्या नजरेतून तेवढंही सुटत नाही, म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की निवृत्तीच्या दिवशी प्रमाणपत्रावरचं खरं नाव वाचून दोघा-तिघांनी विचारलं, "ह्या कोण?"

खातं रस्त्यांचं. जिथं म्हणून नवा रस्ता व्हायचा, तिथली माती गोण्यांतून आमच्याकडे यायची. ती वाळवायची, कुटायची, चाळायची, भिजवायची, दाबून बघायची आणि शेवटी अहवालात लिहायचं की ही माती ओझं पेलेल की नाही. मी तिथं कनिष्ठ अभियंता होतो. सही माझी, शिक्का माझा आणि काम बाईंचं. त्या मुळात झाडलोट करायला लागल्या होत्या. शिक्षण सातवी. नवरा त्याच खात्यात रोडरोलर चालवायचा. लेक कॉलेजात असताना तो आजारपणात गेला. चाळणीवरचा माणूस एकदा आठवडाभर आला नाही, तेव्हा बाईंनी झाडू भिंतीला टेकवला आणि चाळणी हातात घेतली. तो माणूस परत आला तेव्हा त्याला दुसरं टेबल शोधावं लागलं.

मला कामाचं शिक्षण त्यांनीच दिलं. ओली माती काचेवर तळहातानं वळायची, तिची तीन मिलिमीटर जाडीची वळी करायची. बरोबर त्या जाडीला ती तुटायला लागली की समजायचं, पाणी किती आहे ते. पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. मी सहा महिने वळत होतो. बाई शेजारी उभ्या राहून बघायच्या आणि म्हणायच्या, "साहेब, ही वळी नाही, गांडूळ आहे. डोक्याकडे जाड, शेपटीकडे बारीक."

अशी ही बाई निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेली. तिसऱ्या मजल्यावरचं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. लेक एका शाळेच्या कार्यालयात, जावई चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासायला. मनमिळाऊ, हळू बोलणारा माणूस. घर माझ्या जाण्यायेण्याच्या वाटेवर असल्यामुळे माझं अधूनमधून जाणं व्हायचं. पुढचं सगळं काही मी डोळ्यांनी पाहिलं, काही त्या तिघांच्या तोंडून ऐकलं.

जावयाला एकच नाद होता. बाहेरच्या खोलीत साडेतीन फुटांची काचेची पेटी, तिच्यात अकरा मासे आणि पाण्यातली झाडं. माशांचं ठीक चाललं होतं, झाडांचं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी तो नवी झाडं आणायचा, चिमट्यानं एकेक लावायचा. पंधरा दिवसांत पानं आरपार दिसायला लागायची आणि मग साबणासारखी विरघळायची. तो जाळीनं पानं काढायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा दुकानात जायचा.

बाईंनी महिनाभर हे पाहिलं. सासूनं जावयाच्या घरात महिनाभर तोंड मिटून ठेवायचं म्हणजे तपश्चर्याच. महिना संपला.

"जावईबापू, ही झाडं कशात लावलीत?"

"खडीत, आई."

"खडीत? खडीवर आम्ही डांबर ओततो."

लेक आतून म्हणाली, "आई!" जावई मात्र हसला. म्हणाला, "पाण्यात औषध घालतो ना रोज. त्यात सगळं असतं."

"म्हणजे जन्मभर सलाईनवर ठेवलंय म्हणा. जेवायला कधी घालणार?"

त्यानं समजावून सांगितलं, की काही झाडं अशी असतात जी पानांवर भागवत नाहीत. त्यांना मुळांशी खायला लागतं. त्यांच्यासाठी तयार मातीची पाकिटं मिळतात, ती त्यानं एकदा वापरून पाहिली. पण ती नाजूक लाल पानांची झाडं तरीही टिकली नाहीत. एवढं ऐकल्यावर बाईंना पुढचं ऐकू आलं असेल असं मला वाटत नाही. मातीचा प्रश्न आहे, आणि माती यांच्या घरात, यांच्या डोळ्यांसमोर नापास होतेय!

"मला चार दिवस द्या," त्या म्हणाल्या.

इथं त्यांचं चुकलं. बत्तीस वर्षं मातीत घालवलेल्या माणसाला वाटतं, आता माती आपल्याला काय नवीन सांगणार! गच्चीवर शेजाऱ्यांच्या कुंड्या होत्या. त्यांतली काळीभोर, खत घातलेली, मऊसूत माती त्यांनी मागून आणली. पेटी रिकामी केली, तळाला तीन बोटं माती पसरली, वर वाळू घातली, झाडं लावली, पाणी भरलं आणि संध्याकाळी मासे परत सोडले. झाडं पहिले दोन दिवस अशी तरारली की जावयानं फोटो काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते. खतातलं जे कुजायचं बाकी होतं ते आता पाण्याखाली कुजत होतं आणि त्याचं विष पाण्यात उतरत होतं. वाळूतून बुडबुडे येत होते आणि खोलीत सडक्या अंड्याचा वास. जावयानं धावपळ करून मासे बादलीत काढले. सात वाचले, चार गेले. त्यांतला एक सहा वर्षांचा होता.

जावई फक्त एवढंच म्हणाला, "असू द्या आई. होतं असं."

बाईंना ते फार लागलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं त्या मला म्हणाल्या. दिवसभर त्या गच्चीवर जाऊन बसल्या. संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा त्यांनी त्याला दारातच गाठलं.

"चुकलं माझं. मी माती खाल्ली. आणि तीही न चाळता."

मग लेकीला हसू आलं, जावयालाही आलं. पण बाई हसत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे गोणी आली की आधी माती तपासतात, मग रस्ता करतात. मी आधी रस्ता केला. आता मला चार दिवस नको. जितके लागतील तितके द्या."

दुसऱ्या दिवशी मला फोन आला. "साहेब, जुन्या चाळण्या भंगारात काढल्यात ना? मला तीन पाहिजेत. जाळी फाटलेली नको." मी रीतसर अर्ज करून चाळण्या मिळवल्या आणि घेऊन गेलो.

पुढचे सात आठवडे त्या गच्चीवर जे चाललं ते पाहायला इमारतीतली माणसं काही ना काही निमित्त काढून वर यायची. बाईंनी या वेळी कुंडीतली माती घेतलीच नाही. एका पडीक मैदानाच्या कडेची, वरवरचं गवत बाजूला करून खालची साधी माती आणली. पहिल्यांदा तिच्यावर व्हिनेगर टाकून पाहिलं. फेस आला तर तिच्यात चुना आहे, आणि या नाजूक झाडांना चुना चालत नाही. फेस आला नाही. मग बाटलीत पाणी आणि माती घालून खळखळून हलवली आणि तशीच ठेवून दिली. वाळू पटकन खाली बसली, तिच्यावर गाळ, आणि चिकणमातीनं खाली यायला दुसरा दिवस घेतला. बाईंनी बाटलीला पट्टी लावून तिन्हींची उंची मोजली आणि भिंतीवर पेन्सिलनं लिहून ठेवली.

मग खरं काम. माती टबात भिजवायची, ढवळायची, वर तरंगणाऱ्या काड्या-मुळं काढून टाकायची, ते पाणी ओतून द्यायचं. चिखल प्लास्टिकच्या कागदावर पातळ पसरायचा आणि खडखडीत वाळू द्यायचा. वाळला की फोडायचा, पुन्हा भिजवायचा, पुन्हा वाळवायचा. असं एकदा नाही, दोनदा नाही, पाच वेळा. जे कुजायचं ते सगळं इथं, उघड्यावर, उन्हात कुजून जाऊ दे. पाण्याखाली गेल्यावर काही बाकी राहायला नको.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय वाळत घातलंय हो एवढं?"

"माती."

"विकायला?"

"नाही. जावयाला."

काकू खाली गेल्या आणि अर्ध्या तासात सगळ्या इमारतीत झालं, की तिसऱ्या मजल्यावर सासू-जावयाचं फाटलंय.

पाचव्या फेरीनंतर माती हातात घेतली तर तिला वास नव्हता. म्हणजे होता, पण तो नुसता मातीचा. बाईंनी ती चाळली, तिच्यात थोडी लाल चिकणमाती कुस्करून घातली, कारण मुळांना लागणारं लोह तिच्यात असतं. जावयानं कागद काढून प्रमाण विचारलं तर म्हणाल्या, "दहाला एक. पण हाताला विचारून." पेटीच्या तळाला या वेळी दोनच बोटं माती. वर झाकायला वाळू, तीही चाळून घेतलेली. फार बारीक वाळू सिमेंटसारखी बसते, खाली हवा जात नाही आणि मुळं गुदमरतात. फार जाड घेतली तर माती फटींतून वर येते आणि पाणी गढूळ होतं. मधली, एक ते दोन मिलिमीटरची. पाणी भरताना मध्ये बशी ठेवली आणि तिच्यावर हळूहळू धार सोडली. मासे? मासे बादलीतून मोठ्या टबात गेले होते, आणि पाण्याची तपासणी लागोपाठ तीन वेळा स्वच्छ येईपर्यंत बाईंनी त्यांना पेटीजवळ फिरकू दिलं नाही.

ती लाल पानांची झाडं दोन महिन्यांत पाण्याच्या वरच्या कडेला टेकली. जावई कात्रीनं शेंडे कापायचा आणि तेच पुन्हा लावायचा. दुकानात जाणं बंद झालं.

जावयासारखेच नादी लोक महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचे. एकमेकांच्या पेट्या बघायच्या, चहा प्यायचा, झाडांची देवघेव करायची. त्या वेळी यांची पाळी होती. त्या बैठकीला एक प्राध्यापिका आल्या. वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. चाळिशीच्या, उंच, घाईत असल्यासारख्या. कुणाशी न बोलता त्या थेट पेटीपुढे जाऊन वाकल्या आणि बऱ्याच वेळानं विचारलं, "ही माती कुणी केली?"

जावयानं सासूकडे बोट केलं.

प्राध्यापिकांनी पिशवीतून एक झाकणाचा डबा काढला. आत पाणी, आणि पाण्यात बोटभर उंचीची नऊ रोपं. पानं दोऱ्यासारखी, टोकाशी किंचित तांबूस. अर्धी पानं गळालेली.

"हे झाड आमच्या माहितीत फक्त एका ओढ्यात आहे," त्या म्हणाल्या. "होतं. डोंगराच्या पायथ्याशी. रस्ता रुंद करताना तो ओढा पाइपात घातला. त्याच्या आदल्या आठवड्यात मी चाळीस रोपं काढून आणली. आता नऊ आहेत. विकतची माती झाली, वाळू झाली, पाणी बदलून झालं. मला काय चुकतंय तेच कळत नाही."

"ओढ्यातली माती नाही आणलीत?"

"रोपं वाचवायच्या नादात राहिलंच. दुसऱ्यांदा गेले तेव्हा तिथं भराव होता."

"कुठला रस्ता?"

प्राध्यापिकांनी सांगितलं. डोंगराला वळसा घालून जाणारा, जुन्या नाक्याच्या पुढचा.

बाईंनी डब्यातली रोपं निरखून पाहिली. मग म्हणाल्या, "वळणाच्या खालच्या अंगाला? करडी माती? हाताला साबणासारखी लागते, आणि ओली केली की कुजल्या पानांचा वास येतो?"

"तुम्ही पाहिलाय तो ओढा?"

"ओढा नाही पाहिला. माती चाळलीय."

त्याच वेळी त्यांनी मला फोन केला. "साहेब, वळणाच्या रस्त्याचा अहवाल आठवतो?" मला आठवत नव्हता. वर्षाला असे दोन-अडीचशे अहवाल निघतात. बाईंना मात्र सगळं आठवत होतं. "सहा गोण्या होत्या. पाचव्या आणि सहाव्या गोणीला तुम्ही 'अयोग्य' असा शिक्का मारलात. ती माती तिथनं उपसून कुठंतरी टाकली असणार. कुठं टाकली ते फायलीत असेल, बघा."

मी फाइल काढली. शिक्का माझाच होता, सही माझीच. ओढ्याकाठची दीड मीटर खोल माती रस्त्याला निरुपयोगी म्हणून उपसलेली आणि पलीकडच्या बंद पडलेल्या खाणीत नेऊन टाकलेली. एका झाडाचं आख्खं जग मी एका शब्दात उडवलं होतं आणि ते माझ्या लक्षातसुद्धा नव्हतं. बाईंना हे बोललो तर त्यांनी मला उडवून लावलं.

"शिक्का बरोबर होता. त्या मातीवर रस्ता केला असता तर पहिल्या वर्षी खचला असता आणि माणसं मेली असती. रस्त्याला ती नको होती. म्हणून काय ती कुणालाच नको? उद्या सुटी आहे ना? चला."

जावयाच्या गाडीतून आम्ही चौघं गेलो. पुढं जावई आणि मी, मागं बाई आणि प्राध्यापिका. बाईंच्या मांडीवर काचेचा एक तुकडा, पाण्याची बाटली, व्हिनेगरची बाटली आणि चहाचा चमचा.

खाण म्हणजे डोंगर कुरतडून केलेला मोठा खळगा. तिच्या कडेनं राडारोड्याचे ढीग. काँक्रीटचे तुकडे, मुरूम, मुळांसकट उपटलेली झुडपं आणि माती, कुठलीही, सगळीकडची. एक पावसाळा त्यांच्यावरून गेला होता, त्यामुळे सगळ्या ढिगांना एकच मळकट रंग आला होता. प्राध्यापिका कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मला तर सगळी सारखीच दिसतेय."

"दिसायला सारखीच असते," बाई म्हणाल्या आणि पदर खोचून पहिल्या ढिगाकडे निघाल्या.

चमच्यानं वरची कवची बाजूला करायची, वीतभर आतली माती काढायची, ओली करायची, काचेवर वळायची. पहिल्या ढिगाची वळी झालीच नाही, वाळूच जास्त. दुसऱ्याची झाली, पण फार लवचीक, तुटेचना. तिसऱ्या ढिगाशी त्या खाली बसल्या. माती हातात चोळली, नाकाशी नेली, वळली. वळी बरोबर तुटली. त्यांनी वर व्हिनेगर टाकलं आणि फेस आला.

"हीच, पण हिच्यात वरून सिमेंटचा चुरा पडलाय. ही नको."

"अहो पण हीच आहे म्हणता ना!" प्राध्यापिकांचा आवाज चढला. "आज एका दिवसात दुसरी कुठं शोधणार? धुऊन घेऊ."

"मॅडम, चुना धुऊन जात नाही. ओढ्याकाठची सगळी माती एका ट्रकमध्ये मावत नाही. उरलेली इथंच असणार."

दुपारी दीडच्या सुमाराला, सगळ्यात टोकाच्या ढिगाच्या मागच्या बाजूला, जिथं कुणी काँक्रीट टाकायला गेलं नव्हतं, तिथं त्यांना ती सापडली. करडी, साबणासारखी. वळी तुटली, फेस आला नाही. त्यांनी मला हाक मारली आणि माती माझ्या हातावर ठेवली. "घ्या साहेब, वास घ्या. ही तुमची सहावी गोणी."

आम्ही डिकीतल्या फावड्यानं चार गोण्या भरल्या. परत येताना प्राध्यापिका उल्हासात होत्या. उद्याच लावू म्हणाल्या. बाई नाही म्हणाल्या.

"ओढ्यात ती अशीच होती की! तिथं कुणी वाळवत बसलं होतं?"

"ओढ्यात वाहतं पाणी होतं. तुमच्या डब्यात साचलेलं आहे. ही माती वर्षभर उन्हापावसात पडलीय म्हणून अर्धं काम झालंय, पण अर्धं बाकी आहे. घाईनं चार मासे मारलेत मी. पाचवं काही मारायचं नाहीय."

"किती दिवस?"

"सगळी करायची तर महिना."

"महिन्यात माझ्याकडे एकही रोप राहणार नाही!" त्यांचे डोळे भरून आले होते. जावई आरशातून मागं बघत होता. मग तो हळूच म्हणाला, "आई, आख्खी पेटी कशाला करायची? नऊ झाडांना नऊ वाट्या पुरतील ना?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "हे मला सुचायला हवं होतं."

वाटीभर माती म्हणजे कागदावर अगदी पातळ पसरता येते. आठवडा घेणारा चिखल एका उन्हात वाळतो. बाईंनी तेवढीच माती वेगळी काढली आणि बारा दिवसांत तिच्या चार फेऱ्या केल्या. काचेच्या वाट्या घेतल्या, म्हणजे मुळं बाहेरून दिसतील. प्रत्येकीत माती, वर वाळू, वर पाणी, आणि रोज पाण्याची तपासणी. तपासणीच्या रसायनाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळं राहिलं तर विष नाही, हिरवं झालं तर आहे. पहिले तीन दिवस हिरवट होतं. प्राध्यापिका रोज फोन करायच्या: आठ राहिली, सात राहिली, आता सहा. चौथ्या दिवशी पाणी पिवळं राहिलं. पाचव्याही दिवशी. तोवर पाच रोपं उरली होती.

ती लावली जावयानं. चष्म्याच्या दांडीतले स्क्रू बसवायचा चिमटा, तोच घेतला. केसासारखी मुळं, जरा दाबलं की तुटणार. तो श्वास रोखून एकेक रोप वाळूतून खाली मातीपर्यंत न्यायचा, चिमटा किंचित सैल करायचा आणि जराही न हलवता वर काढायचा. पाच रोपांना पाऊण तास लागला. लेक दारात उभी राहून बघत होती. ती मला म्हणाली, "माझा हात मागायला आले तेव्हासुद्धा एवढा घाम आला नव्हता यांना."

वाट्या घेऊन प्राध्यापिका गेल्या आणि दहाव्या दिवशी त्यांचा फोन आला. पाचांपैकी एक रोप पूर्ण विरघळलं होतं आणि बाकी चारांची पानं गळत होती.

"गळू द्या," बाई म्हणाल्या. "ती पानं तुमच्या डब्यातल्या पाण्यात फुटलेली. त्यांचं इथं काय काम? तुम्ही वर बघू नका. वाटी उचला आणि खालून बघा."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग प्राध्यापिका, एकदम हळू आवाजात: "पांढरी मुळं आहेत. नवी. मातीत गेलीत."

"मग ठेवा आता फोन. आणि त्याला हात लावू नका."

एकोणिसाव्या दिवशी पहिला कोंब दिसला. चारही जगली. दीड वर्षात कॉलेजातल्या पत्र्याच्या छपराखाली सहा लांब ट्रे झाले, आणि एका सकाळी पाण्याच्या वर अक्षतेएवढी पांढरी फुलं आली. गोण्यांतली उरलेली माती बाईंनी पुरा महिना घेऊन, त्यांच्या पद्धतीनं तयार केली होती. कॉलेजनं त्यांना दर बुधवारी येण्याची रीतसर विनंती केली. मुलांना माती शिकवायला. अर्जात शिक्षणाचा रकाना होता, तिथं बाईंनी ठळक अक्षरांत 'सातवी' लिहिलं आणि प्राचार्यांच्या हातात दिला. पहिल्या तासाला एका विद्यार्थिनीनं विचारलं, "चांगली माती कशी ओळखायची?" बाई म्हणाल्या, "चांगली कशाला, ते आधी सांग."

पुढं पलीकडच्या खोऱ्यातल्या, तसल्याच एका ओढ्यात शंभर रोपं लावली. पहिल्या पुरात सगळी वाहून गेली. बाई काठावर उभं राहून पाण्याकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "जागा चुकली. मधोमध लावली आपण. पाणी वळतं तिथं आतल्या अंगाला गाळ साठतो, तिथं लावायची." प्राध्यापिकांनी वाद घातला नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा शंभर लावली, वळणाच्या आतल्या अंगाला. पावसाळा गेल्यावर आम्ही मोजायला गेलो. बाईंचे गुडघे आता दुखतात, म्हणून जावयानं त्यांच्यासाठी घडीचं स्टूल आणलं होतं. पण त्या स्टुलावर बसल्याच नाहीत. गुडघाभर पाण्यात उतरून, एका हातानं लेकीचा खांदा धरून, त्यांनी स्वतः मोजलं. त्रेसष्ट. प्राध्यापिकांच्या मोजणीत एकसष्ट आली. मग दोघी पुन्हा पहिल्या रोपापासून मोजायला लागल्या आणि आम्ही बाकीचे काठावर जेवणाचे डबे उघडून बसलो.